अनुदानाचा हिशोब: यूसी, ऑडिट आणि रिटर्न यांचे आकडे कुठे निसटतात आणि ते कसे पकडायचे

प्रश्न असा आहे: महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी काम करणारी नोंदणीकृत संस्था. १८ कर्मचारी, एकच पूर्णवेळ लेखापाल, सीए जिल्ह्याच्या ठिकाणी. पैसा तीन ठिकाणांहून येतो: एका कंपनीचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी, केंद्र सरकारच्या एका योजनेचे अनुदान आणि एका परदेशी फाउंडेशनची मदत. मार्च उलटला की तिघांना दिलेली उपयोगिता प्रमाणपत्रे (यूसी) एक सांगतात आणि ऑडिट झालेला ताळेबंद दुसरेच सांगतो. आता कंपनीने आपला ऑडिटर पाठवत असल्याचे कळवले आहे. सुरुवात कुठून करायची?

सुरुवात एका ताळ्यापासून, म्हणजे दोन बाजू जुळतात का या पडताळणीपासून करा. त्यासाठी नवे सॉफ्टवेअर लागत नाही, एक कागद आणि एक दुपार पुरते. कागदाच्या डाव्या बाजूला प्रत्येक प्रकल्पाची शिल्लक काढा: सुरुवातीची शिल्लक, अधिक आलेले हप्ते, अधिक व्याज, वजा देणगीदाराला कळवलेला खर्च. शेवटी संस्थेचा स्वतःचा निधी लिहा. समजा सीएसआरची शिल्लक ४,१०,००० आली, सरकारी अनुदानाची १,८५,०००, परदेशी निधीची ६,३०,००० आणि स्वतःचा निधी ७५,०००. बेरीज १३,००,०००. आता उजव्या बाजूला सगळ्या बँक खात्यांची जुळवणी केलेली शिल्लक ११,७०,०००, हातातली रोकड ५,०००, कर्मचाऱ्यांकडे असलेली उचल ४०,००० लिहा आणि त्यातून टीडीएस, पीएफ व दुकानदारांचे देणे मिळून ६५,००० वजा करा. उरतात ११,५०,०००. जमीन, इमारत, संगणक अशी मालमत्ता यात धरायची नाही, कारण देणगीदाराच्या हिशोबात ती खरेदीच्या दिवशीच खर्ची पडलेली असते.

दोन बाजूंत दीड लाखाचा फरक आहे, आणि फरक कोणत्या बाजूला आहे यावरूनच चूक कळते. प्रकल्पांची बेरीज जास्त असेल, तर काही खर्च पुस्तकात पडला पण कोणत्याच प्रकल्पाला लागला नाही. असा खर्च बहुतेक वेळा ठरलेल्याच जागी सापडतो: ऑडिट फी, बँकेचे चार्जेस, गाडीची दुरुस्ती, विमा, आणि पीएफमधला मालकाचा हिस्सा. पगार प्रकल्पाला लावताना निव्वळ हातात दिलेली रक्कम लावली जाते आणि वरचे १२ टक्के हवेत राहतात. उलट प्रकल्पांची बेरीज कमी असेल, तर एकच खर्च दोन देणगीदारांना दाखवला गेला आहे. हे जास्त गंभीर आहे. मुद्दाम केलेले नसले तरी कागदावर ते दुहेरी वसुलीसारखेच दिसते. आणि एखाद्या प्रकल्पाची शिल्लक उणे आली, तर त्या प्रकल्पाचे पगार दुसऱ्याच्या पैशातून भागले आहेत. बेरीज जुळत असतानाही हे घडलेले असू शकते, म्हणून उण्याकडे वेगळे लक्ष द्या.

हा ताळा वर्षातून एकदा करून भागत नाही. दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत मागच्या महिन्याचा झाला पाहिजे. बारा महिन्यांचा फरक शोधायला पंधरा दिवस जातात, एका महिन्याचा सापडायला एक तास लागतो.

आता फरक मुळात पडतो कुठे ते पाहू. व्हाउचर लिहिताना. खर्च झाला, बिल आले, लेखापालाने ‘प्रवास खर्च’ किंवा ‘कार्यक्रम खर्च’ अशा खात्यात टाकले आणि प्रकल्प नंतर ठरवू म्हणून सोडून दिला. मग यूसीची तारीख जवळ येते, कंपनीच्या अंदाजपत्रकात प्रशिक्षणासाठी अडीच लाख असतात, आणि फायलीतली बिले काढून अडीच लाख होईपर्यंत लावली जातात. इथून पुढे कुणीही कितीही हुशार असला तरी आकडे जुळत नाहीत. म्हणून नियम एकच ठेवा आणि तो मोडू देऊ नका: प्रकल्प आणि अंदाजपत्रकाची ओळ लिहिल्याशिवाय व्हाउचरवर सही होणार नाही आणि पैसे सुटणार नाहीत.

टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे सोपे आहे. देणगीदारासाठी कॉस्ट कॅटेगरी, प्रकल्पासाठी कॉस्ट सेंटर, आणि खतावणीत खात्याचे नाव फक्त खर्चाच्या प्रकाराचे. ‘प्रवास–सीएसआर’, ‘प्रवास–फाउंडेशन’, ‘प्रवास–इतर’ अशी खाती उघडत बसू नका. दोन वर्षांत दीडशे खाती होतात आणि तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) कुणालाच वाचता येत नाही. अंदाजपत्रकाच्या ओळींना छोटे आकडी कोड द्या आणि देणगीदाराला जाणाऱ्या अहवालातही तेच कोड वापरा. कार्यालयात एक रबरी शिक्का करून घ्या: ‘सदर खर्च ______ प्रकल्प, ओळ क्र. ______ मधून भागवला’. तो मूळ बिलावर मारायचा, व्हाउचरच्या कागदावर नाही. बिलावर शिक्का असला की तेच बिल दुसऱ्या फायलीत जाऊ शकत नाही. दीडदोनशे रुपयांचा शिक्का आहे, पण ऑडिटरच्या निम्म्या शंका तो संपवतो.

एक व्हाउचर जवळून पाहा. बचतगटातल्या ३८ महिलांचे दोन दिवसांचे प्रशिक्षण. जेवणाचे बिल दर दिवशी ४५ ताटे, १२० रुपये ताट, दोन दिवसांचे १०,८००. हजेरीपटावर ३८ सह्या, दोन प्रशिक्षक, तीन कार्यकर्ते, म्हणजे ४३. उरलेली दोन ताटे कुणाची? गाडीचा चालक आणि सभागृहाची राखण करणारे काका असतील तर तसे व्हाउचरवर त्याच दिवशी लिहा. सहा महिन्यांनी कुणालाही आठवत नाही आणि दोन ताटांवरून सगळ्या कार्यक्रमावर संशय येतो. दुसरे, हे १०,८०० केटरिंगवाल्या ताईंना शेवटच्या दिवशी रोखीने दिले असतील, तर प्राप्तिकरात अडचण आहे. एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० पेक्षा जास्त रोख दिली, तर तो खर्च धर्मादाय कामासाठी वापरलेल्या उत्पन्नात धरत नाहीत. बिल फोडून ५,४०० ची दोन केली तरी उपयोग नाही, कारण मर्यादा बिलाला नाही, त्या दिवशी त्या माणसाला दिलेल्या एकूण रकमेला आहे. संस्थेच्या खात्यातून थेट ट्रान्सफर करा. कार्यकर्त्याने आपल्या मोबाइलवरून यूपीआय केले आणि नंतर संस्थेकडून घेतले, तर त्याच्या पेमेंटचा पुरावा व्हाउचरला जोडा. ही पद्धत अडीअडचणीपुरतीच ठेवा.

या व्हाउचरमागे काय काय हवे? संस्थेच्या नावाचे, प्रकल्प कालावधीतल्या तारखेचे बिल. कार्यक्रमाची मंजूर टिपणी. गाव आणि मोबाइलसह सह्यांचा हजेरीपट. पैसे दिल्याचा पुरावा. मागणी करणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा अशा तीन वेगळ्या सह्या. लहान संस्थेत तीन माणसे मिळत नाहीत ही खरी अडचण आहे. तरी किमान एवढे पाळा की पैसे मागणारा आणि मंजूर करणारा एक नसावा, आणि सहीचे कोरे चेक कपाटात नसावेत. मोठ्या खरेदीला तीन कोटेशन घेताना तिन्ही एकाच टाइपात, एकाच दिवशीची असतील तर ती घेतली नसती तरी चालले असते. त्यांनी नुकसानच होते. गावात एकच दुकानदार असेल तर तसे लिहून विश्वस्तांची मंजुरी घ्या. खरे कारण असलेला एक कागद तीन बनावट कोटेशनपेक्षा कितीतरी भक्कम असतो.

पगाराची विभागणी हा सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात महाग पडणारा भाग आहे. लेखापाल तिन्ही प्रकल्पांचे काम करतो. त्याचा पगार २४,००० असेल आणि कंपनीच्या अंदाजपत्रकात ४० टक्के, फाउंडेशनच्या अंदाजपत्रकात ३५ टक्के मंजूर असेल, तर ९,६०० आणि ८,४०० तिकडून, उरलेले ६,००० संस्थेच्या स्वतःच्या निधीतून. सरकारी अनुदानात या पदाला तरतूद नसेल तर तिथे एक रुपयाही लावू नका. एक तक्ता करा: प्रत्येक कर्मचाऱ्याची एक ओळ, प्रत्येक प्रकल्पाचा एक रकाना, शेवटी बेरीज. कुणाचीही बेरीज १०० च्या वर जाता कामा नये. नवा प्रस्ताव लिहिताना हाच तक्ता समोर घ्या. प्रस्ताव लिहिणारा आणि हिशोब ठेवणारा एकमेकांशी बोलत नाहीत, तिथे एकच समन्वयक तीन प्रस्तावांत मिळून १६० टक्के विकला जातो, आणि ते दोन वर्षांनी ऑडिटमध्ये बाहेर येते. टक्केवारीला आधार म्हणून महिन्याचे टाइमशीट ठेवा. रोजच्या रोज, अर्ध्या दिवसाच्या हिशोबाने लिहिले तरी पुरे. महिनाअखेर सगळ्यांनी एकाच पेनने भरलेल्या टाइमशीटला काही किंमत नसते.

तुमच्याकडे १८ जण आहेत, म्हणून एक सूचना. २० झाले की पीएफ कायदा बंधनकारक होतो, आणि १० वरच ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) व ग्रॅच्युइटी बघायला हवी होती. ‘मानधन’ हा शब्द वापरला म्हणून माणूस कर्मचारी राहत नाही असे होत नाही. रोज ठरलेल्या वेळेला येणारा, रजा मागून घेणारा, तुमच्या सूचनेने काम करणारा माणूस तपासणीत कर्मचारीच ठरतो. ग्रॅच्युइटीसाठी मूळ पगाराच्या साधारण ४.८१ टक्के प्रत्येक प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून मागा. प्रकल्प संपल्यावर ती रक्कम कुणीही देणार नाही, आणि पाचसात वर्षे संस्थेसाठी राबलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवण्याची वेळ येऊ नये.

आता तिन्ही निधींकडे वेगवेगळे पाहू, कारण त्यांचे कायदे वेगळे आहेत.

सीएसआरमध्ये मार्चची घाई का होते हे समजून घ्या. कंपनीने पैसे तुमच्या खात्यात टाकले म्हणजे तिचा खर्च झाला असे मानले जात नाही. ते प्रत्यक्ष कामाला लागले पाहिजेत, आणि कंपनीच्या मुख्य वित्त अधिकाऱ्याला तसे प्रमाणित करावे लागते. बहुवर्षीय चालू प्रकल्पातली न खर्चलेली रक्कम कंपनीला ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या ‘अनस्पेंट सीएसआर’ खात्यात ठेवावी लागते आणि पुढच्या तीन वर्षांत वापरावी लागते. प्रकल्प चालू स्वरूपाचा नसेल तर ती रक्कम ३० सप्टेंबरपर्यंत कंपनी कायद्याच्या अनुसूची ७ मधल्या निधीत भरावी लागते. म्हणून मार्चच्या २० तारखेला कंपनीचा माणूस पूर्ण यूसी मागतो. अशा वेळी होऊ न शकलेल्या प्रशिक्षणाचे बिल आधी घेऊन ठेवणे, दुकानदाराकडे पैसे ‘पार्क’ करणे, कर्मचाऱ्यांच्या नावे उचल टाकून ती खर्च दाखवणे, यातले काहीही करू नका. उचल हा खर्च नव्हे. बिल आल्यावर तो खर्च होतो. खरा उपाय जानेवारीत आहे. नऊ महिन्यांचा खर्च अंदाजपत्रकाशी ताडून पाहा, ३१ मार्चपर्यंत किती उरेल ते आकड्यासह कंपनीला जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात लिहा. त्या वेळी त्यांच्याकडे पर्याय असतात, मार्चअखेर नसतात.

याच संदर्भात एक गैरसमज. सीएसआर नियमांत प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला. अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेने लेखापालाचा पगार आणि कार्यालयाचे भाडे मिळून ५ टक्क्यांत बसवावे असे नियम सांगत नाही. करारात कंपनी तशी अट घालू शकते, पण ती वाटाघाटीची बाब आहे. नियम नीट माहीत असला तर बोलणी करता येतात. संस्थेची सीएसआर-१ नोंदणी (सीएसआर निधी घेण्यासाठीची), आणि प्राप्तिकरातल्या १२ए (संस्थेला करसवलत) व ८०जी (देणगीदाराला करसवलत) या नोंदण्या मुदतीत आहेत का हे करारापूर्वी तपासा.

आणि करार वाचताना ‘सेवा’ या शब्दावर बोट ठेवून थांबा. अनुदानाच्या कराराऐवजी सल्लागाराला देतात तसा ठरलेली सेवा पुरवण्याचा करार समोर आला असेल, तर जीएसटीचा आणि प्राप्तिकरातल्या व्यावसायिक उत्पन्नाचा प्रश्न उभा राहतो. सही करण्यापूर्वी तो सीएंना दाखवा. खरेदीवर तुम्ही भरलेला जीएसटी परत मिळणार नाही, म्हणून अंदाजपत्रकातल्या किमती करासहित लिहा. १८ टक्के विसरून केलेले अंदाजपत्रक पहिल्याच खरेदीत तोंडघशी पाडते.

परदेशी निधीत चुकीला जागाच नाही, म्हणून तिथे सगळ्यात कडक राहा. पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या नियुक्त एफसीआरए (परदेशी निधी नियमन कायदा) खात्यातच यायला हवा. तिथून तो तुमच्या जवळच्या बँकेतल्या उपयोग खात्यात आणता येतो, पण ते खाते गृहमंत्रालयाला कळवलेले असले पाहिजे. त्या खात्यांत स्थानिक पैसा, अगदी शंभर रुपयेही, टाकायचा नाही. त्यातून स्थानिक प्रकल्पाचा पगार ‘चार दिवसांसाठी’ द्यायचा नाही. सरकारी हप्ता लांबला की हा मोह होतो. सीएसआरचा पैसा असा वळवला तर कराराचा भंग, परदेशी पैसा वळवला तर कायद्याचा. त्यावरचे व्याजही परदेशी निधीच असते, त्यातून घेतलेल्या वस्तूंची नोंद वेगळी ठेवायची. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर हा निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, तिचीही एफसीआरए नोंदणी असली तरी. गावातल्या भागीदार संस्थेमार्फत काम करायची पद्धत असेल, तर ती या पैशापुरती बंद करा. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे. इथे काय प्रशासकीय आणि काय नाही हे एफसीआरए नियमावलीच्या नियम ५ मध्ये दिले आहे: व्यवस्थापनाचे पगार, कार्यालयाचे भाडे, हिशोबाचा खर्च प्रशासकीय, शाळेतल्या शिक्षकाचा, दवाखान्यातल्या डॉक्टरचा किंवा प्रशिक्षण देणाऱ्या कार्यकर्त्याचा पगार त्यात येत नाही. तेव्हा नेमणूकपत्रातले पदनाम आणि कामाचे वर्णन खऱ्या कामाशी जुळणारे हवे. एफसी-४ विवरण ३१ डिसेंबरपर्यंत, वर्षात एक रुपया आला नसला तरी. नोंदणी पाच वर्षांची असते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान चार महिने आधी गेला पाहिजे. मुदत संपली की खात्यातला पैसाही वापरता येत नाही.

गावचा मुलगा अमेरिकेत असतो आणि शाळेसाठी पैसे पाठवतो, हे आपल्याकडे घरोघरी आहे. त्याचा पासपोर्ट भारतीय असेल आणि पैसे त्याच्या वैयक्तिक बचतीतले, बँकेमार्फत आलेले असतील, तर तो परदेशी निधी नाही. त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असले तरी त्याची देणगी परदेशी निधीच, मग ती त्याने सुट्टीत गावी येऊन रुपयांत का दिलेली असेना. म्हणून परदेशी राहणाऱ्या प्रत्येक देणगीदाराच्या पासपोर्टची प्रत पावतीच्या स्थळप्रतीला जोडा. भावनेच्या भरात घेतलेले पाच हजार पुढच्या नूतनीकरणात आडवे येऊ शकतात.

सरकारी अनुदानाचे थोडक्यात. केंद्राच्या योजनेला सर्वसाधारण वित्तीय नियम (जीएफआर) २०१७ लागू होतात. यूसी जीएफआर १२-ए या नमुन्यात, आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत. अनुदानावर मिळालेले व्याज परत करायचे असते, ते ‘इतर उत्पन्न’ म्हणून स्वतःकडे घेऊ नका. अनुदानातून घेतलेली वस्तू परवानगीशिवाय विकता किंवा दुसरीकडे देता येत नाही. डेडस्टॉक रजिस्टर ठेवा, वस्तूवर योजनेचे नाव आणि अनुक्रमांक रंगवा, वर्षातून एकदा मोजणी करून दोघांच्या सह्या घ्या. हप्ते उशिरा येतात हे गृहीत धरा. निदान तीन महिन्यांच्या पगाराइतका स्वतःचा निधी उभा राहील असे प्रयत्न करा, आणि तो निधी तात्पुरता वापरताना विश्वस्तांचा ठराव करा.

यूसी आणि ताळेबंद यांत दिसणारा सगळाच फरक चुकीचा नसतो, हेही सांगायला हवे. ५८,००० चा लॅपटॉप घ्या. कंपनीच्या यूसीत तो त्या तिमाहीचा पूर्ण खर्च. ऑडिटच्या ताळेबंदात ती मालमत्ता, आणि उत्पन्न-खर्च पत्रकात फक्त घसारा. प्राप्तिकरात ज्या वर्षी पैसे दिले त्या वर्षी पूर्ण ५८,००० उपयोग म्हणून धरतात आणि मग त्यावर घसारा मागता येत नाही. तसेच मार्चचा पगार एप्रिलमध्ये दिला तर ताळेबंदात तो मार्चचा खर्च, पण प्राप्तिकराला प्रत्यक्ष पैसे दिल्याचे वर्ष लागते, म्हणजे पुढचे. तिन्ही आकडे बरोबर आहेत. म्हणून दरवर्षी प्रत्येक प्रकल्पासाठी अर्ध्या पानाचे जुळवणीपत्रक करा: यूसीप्रमाणे खर्च इतका, वजा मालमत्ता खरेदी, अधिक घसारा, अधिक देणे असलेला खर्च, म्हणून ताळेबंदाप्रमाणे खर्च इतका. सीएंकडून त्यावर सही घ्या. ऑडिटर आल्यावर पहिला कागद हाच पुढे करायचा.

प्राप्तिकरात मुख्य अट ८५ टक्के उत्पन्न त्याच वर्षी वापरण्याची. मोठा हप्ता २८ मार्चला आला तर ते शक्य नसते. अशा वेळी पुढच्या वर्षी वापरण्याचा पर्याय फॉर्म ९ए ने, किंवा ठरलेल्या कारणासाठी पाच वर्षांपर्यंत साठवण्याचा फॉर्म १० ने घेता येतो. दोन्ही ३१ ऑगस्टपर्यंत भरायचे असतात, म्हणजे ऑडिटच्या महिनाभर आधी. ‘ऑडिट झाल्यावर बघू’ म्हणणाऱ्यांची इथे फसगत होते. फॉर्म १०मध्ये कारण नेमके लिहा. ‘संस्थेच्या उद्दिष्टांसाठी’ एवढे लिहून भागत नाही. (१ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू होत असल्याने कलमांचे आणि फॉर्मचे आकडे बदलतात. २०२५-२६ चा हिशोब जुन्याच कायद्याखाली आहे, म्हणून इथे तीच नावे ठेवली आहेत.)

तारखा भिंतीवर लावा. टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेला, मार्चचा ३० एप्रिलला. टीडीएस कापायचा राहिला तर त्या खर्चाचा ३० टक्के भाग उपयोगात धरत नाहीत. पीएफ १५ तारखेला. देणगीदारांचे १०बीडी विवरण ३१ मेपर्यंत, उशीर झाल्यास दिवसाला २०० रुपये. ऑडिट अहवाल ३० सप्टेंबर, धर्मादाय आयुक्त कार्यालयालाही आणि प्राप्तिकरालाही. रिटर्न ३१ ऑक्टोबर.

धर्मादाय आयुक्तांकडचा चेंज रिपोर्ट हिशोबाचा विषय वाटत नाही, पण तो हिशोब अडवतो. विश्वस्त बदलल्यापासून ९० दिवसांत तो दाखल करायचा असतो. तो राहिला की शेड्यूल वनच्या, म्हणजे संस्थेच्या नोंदणीच्या उताऱ्यावर जुनीच नावे राहतात. मग बँक नव्या सह्या घेत नाही, एफसीआरएचा पदाधिकारी बदल अडतो, कंपनीची कागदपत्र तपासणी थांबते. निवडीच्या सभेचे इतिवृत्त, सूचनेच्या पोचपावत्या, राजीनाम्याचे पत्र किंवा मृत्यूचा दाखला हे सगळे त्याच आठवड्यात गोळा करा. पाच वर्षांनी सूचनापत्राची पोच शोधणे फार अवघड जाते.

राहिला येणारा ऑडिटर. तो येण्याआधी टेबलावर या क्रमाने ठेवा: करार आणि मंजूर अंदाजपत्रक, अंदाजपत्रकात बदल केले असतील तर त्यांची लेखी परवानगी, वरचा ताळा, जुळवणीपत्रक, बँक जुळवणी, पगार विभागणीचा तक्ता, आणि ओळ क्रमांकाने लावलेली व्हाउचर. बहुतेक करारांत एका ओळीतून दुसरीत किती टक्के हलवता येते ते लिहिलेले असते. त्यापुढचे काही परवानगीशिवाय हलवले असेल तर ते आताच शोधून काढा.

दीड लाखाचा फरक शोधताना तुम्हाला एखादे बिल दोन्हीकडे लागलेले सापडले, किंवा चुकीची ओळ सापडली, तर जुनी तारीख टाकून व्हाउचर पुन्हा लिहू नका. जर्नल नोंद आजच्या तारखेने करा, कारण लिहा, विश्वस्तांची सही घ्या. मग कंपनीला एक पत्र पाठवा: अमुक तिमाहीच्या यूसीत अमुक रक्कम चुकून दाखवली गेली, दुरुस्त यूसी सोबत जोडली आहे, ही रक्कम पुढच्या हप्त्यातून वळती करून घ्यावी. हे पत्र ऑडिटरच्या भेटीच्या आधीच्या तारखेचे आणि पोच घेतलेले असले पाहिजे. त्याची एक प्रत त्या प्रकल्पाच्या फायलीत सगळ्यात वर लावा.